नवीन गाडी आणि खडीचे टवके: फिल्म, सिरॅमिक की दोन्ही नको?

आंबाघाट

नमस्कार मंडळी,

पाडव्याला नवी गाडी घरी येते आहे. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, रंग गडद निळा. राहायला पुण्यात, घर रत्नागिरीजवळ, त्यामुळे कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा ही वाट कायमची. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे या रस्त्यावर सतत कुठे ना कुठे खडी सांडलेली असते आणि समोर हायवा, म्हणजे खडीचा मोठा डंपर, असतोच. जुन्या गाडीचं बॉनेट आज जवळून बघितलं तर पुढच्या काठावर टवक्यांची रांगोळी आहे. दोन ठिकाणी गंज धरलाय.

शोरूमवाला 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज' घ्या म्हणून मागे लागलाय. एक मित्र म्हणतो सिरॅमिक कोटिंग कर, दुसरा म्हणतो पीपीएफच, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. बाबा म्हणतात, एवढ्या पैशांची एफडी कर आणि गाडी चालव.

मला तीन गोष्टी विचारायच्यात:
यातलं खडीपासून खरोखर काय वाचवतं?
सगळ्या गाडीला करावं की फक्त पुढच्या भागाला?
आणि करायचं तर ताबा घेतल्याबरोबर, की थोडे दिवस थांबून?

ज्यांनी केलंय आणि दोन-तीन पावसाळे काढलेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

चिंचवडची_चिमणी

अभिनंदन! आधी पेढे, मग फिल्म.

थरावर_थर

अभिनंदन. मी वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने ईडी कोट चढवतात. तो साधारण 20 मायक्रॉन. गंजापासून खरं रक्षण तोच करतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर चकाकीचा क्लिअर कोट. तो 40 मायक्रॉनच्या आसपास. हे सगळं मिळून 100 ते 140 मायक्रॉन भरतं. झेरॉक्सचा कागद साधारण 100 मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमच्या पत्र्यावर फार तर दीड कागद आहे.

सिरॅमिक कोटिंग या थरांवर फार तर एक-दोन मायक्रॉनची भर घालतं. पाणी ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, गाडी धुणं सोपं होतं, उन्हात क्लिअर कोट जरा जास्त टिकतो. हे फायदे खरे आहेत. पण 80 च्या वेगात आदळणाऱ्या खडीला एक-दोन मायक्रॉन म्हणजे काहीच नाही. '9एच' म्हणून जे सांगतात तो पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. त्याचा दगडाशी संबंध नाही.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची 150 ते 200 मायक्रॉनची फिल्म. ती मऊ आणि लवचिक असते, म्हणून दगडाचा जोर स्वतः पसरवून घेते. खडीचा मार झेलणारी या दोघांपैकी हीच एक.

टवक्यांची चाचणी आमच्याकडे कशी होते तेही सांगतो. ग्रॅव्हलोमीटर नावाचं यंत्र असतं. रंगवलेला पत्रा त्यात उभा करायचा आणि दाबाच्या हवेने त्यावर खडी मारायची. मग चिकटपट्टी लावून ओढायची आणि सुटलेला रंग काढून टवके मोजायचे. एसएई जे400 ही त्याची पद्धत. त्यात वापरतात ती खडी 10 ते 16 मिमीची, पाण्याने गोल झालेली. आपल्याकडच्या क्रशरमधून निघते ती काळ्या पाषाणाची, चारी बाजूंनी धार असलेली. आंबा घाटात तुमच्या बॉनेटची परीक्षा आमच्या यंत्रापेक्षा कडक होते, असं मला वाटतं.

एक गोष्ट आज घरी करून बघा. जुन्या गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, मागच्या चाकाच्या अलीकडे हात फिरवा. बऱ्याच गाड्यांना तिथे संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा लागतो. तो रंगाखाली दिलेला पीव्हीसीचा जाड थर असतो. पुढच्या चाकाची खडी तिथे बसते हे कारखान्याला ठाऊक असतं. बॉनेटला तसा थर देत नाहीत, कारण तो दिसायला वाईट दिसतो.

वडाची_पारंबी

मी गेली कित्येक वर्षं गाडी चालवतोय, कसली फिल्म लावली नाही. माझं मत आंबाघाट यांच्या बाबांच्या बाजूने. गाडी वापरायला घेतो आपण. टवका गेला तर रंगाची बाटली आणा, थेंब टाका, पुढे चला. पाच-सहा वर्षांनी गाडी विकताना टवक्यांमुळे जितके पैसे कमी येतील त्यापेक्षा फिल्मचा खर्च जास्त आहे.

मृण्मय_मुळशी

वडाची_पारंबी काका, विकण्याचा हिशेब मान्य. पण सगळेच विकायचा विचार करून गाडी घेत नाहीत. मला दर रविवारी गाडी धुताना ती नवी दिसली की बरं वाटतं. त्या बरं वाटण्याला मी पैसे मोजले, आणि पुन्हा मोजीन. ताम्हिणीत जाणं-येणं असतं. तीन पावसाळ्यांनंतर फिल्मवर खडीच्या खुणा दिसतात, खालचा रंग शाबूत आहे.

हातकणंगलेकर_ताई

कोल्हापूरच्या बाजूला आमचं छोटं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांना पॉलिश, कोटिंग, फिल्म करून देण्याचं दुकान आहे, मी आणि माझा भाऊ चालवतो. जाहिरात करायची नाहीये म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. धंद्यातल्या चार गोष्टी मात्र सांगते, कारण यात फसवणूक फार आहे.

फिल्म विचारताना पहिला प्रश्न हा: टीपीयू (वर सांगितलेलं पॉलियुरेथेन) आहे की पीव्हीसी? पीव्हीसी स्वस्त पडते, पण उन्हात पिवळी होते, कडक होते आणि काढताना तुकडे तुकडे होतात. मध्ये टीपीएच नावाचा प्रकारही विकतात. तोही टीपीयूइतका टिकत नाही. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी दुसरीकडे टीपीयूचे पैसे मोजले होते आणि गाडीवर पीव्हीसी निघाली. पांढरी गाडी दीड वर्षात पिवळट झाली होती. फिल्मच्या रोलवर छापलेला नंबर तुमच्यासमोर वाचून घ्या आणि तोच वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. जो दुकानदार रोल दाखवत नाही त्याच्याकडे थांबू नका.

दुसरं, फिल्म कापतात कशी? काहीजण फिल्म गाडीवर पसरून ब्लेडने कडेने कापतात. हात जरा दाबला गेला की क्लिअर कोटवर रेघ उठते, आणि ती तुम्हाला फिल्म काढल्यावरच दिसते. चांगल्या ठिकाणी तुमच्या मॉडेलचा नकाशा मशीनवर आधी कापून घेतात. गाडीवर कापायचीच वेळ आली तर फिल्मखाली धाग्याची टेप लावून तो धागा ओढतात, ब्लेड गाडीला लागत नाही.

तिसरं, कडा. बॉनेटचा काठ आत वळवून चिकटवला तर धूळ बसत नाही. काठाशी अर्धा सेंटीमीटर मागे थांबवली तर तिथे काळी रेघ धरते. गडद निळ्यावर ती कमी दिसेल, पांढऱ्यावर लगेच.

चौथं, लावल्यावर आठवडाभर गाडी धुवायची नाही. पुढेही प्रेशर वॉशरचं नोझल कडांच्या जवळ न्यायचं नाही.

आता दर. आमच्या भागात बॉनेट, पुढचा बंपर, फेंडर, आरसे, हेडलाइट आणि दारांचे हँडलकप असं मिळून चांगल्या टीपीयूत 30 ते 40 हजार होतात. अख्ख्या गाडीला लाखाच्या वर जातं. माझं मत विचाराल तर आंबाघाट यांनी पुढचाच भाग करावा. मागच्या डिकीवर खडी येत नाही.

थरावर_थर

ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. त्यात फक्त दोन जागांची भर घालतो. छपराचा पुढचा काठ, म्हणजे विंडशिल्डच्या वरची पट्टी, आणि विंडशिल्डच्या दोन्ही बाजूंचे खांब. बॉनेटवर आपली नजर रोज जाते. छपराच्या काठावर टवका पडला तर एसयूव्हीत तो महिनोन्‌महिने कळत नाही. तिथला पत्रा लोखंडाचा, वर समुद्राची खारी हवा. रत्नागिरीत गंज पसरायला वेळ लागत नाही. छपराच्या काठाची हातभर रुंद पट्टी जरूर लावून घ्या.

बंपर प्लॅस्टिकचा असतो. त्याला टवका गेला तरी गंजत नाही, फक्त दिसायला खराब. बजेट कमी पडलं तर बंपर सोडा, छपराची पट्टी सोडू नका.

गारगोटी

पोलीस पकडणार नाहीत का? काळ्या फिल्मला बंदी आहे ना?

कायद्याचं_बोला

ती बंदी काचेवरच्या फिल्मची. सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल खिडक्या आणि विंडशिल्डच्या काचांबद्दल आहे. रंगावर पारदर्शक फिल्म लावायला काही अडचण नाही. मात्र रंगीत रॅप लावून निळी गाडी काळी केलीत, तर आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग वेगळा होतो. त्याची नोंद आरटीओत करावी लागते. हल्ली चकचकीत फिल्मऐवजी मॅट पीपीएफ लावायची फॅशन आहे. त्यात रंग तोच राहतो, पण लावण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

वडाची_पारंबी

काळ्या काचांवरून आठवलं, आमच्या सोसायटीत…

चिंचवडची_चिमणी

काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो.

साताऱ्याची_स्टिअरिंग

कोटिंग, फिल्म ठीक आहे. पण टवका मुळात येतो कुठून ते बघितलं तर निम्मं काम फुकटात होतं. मी मालवाहतुकीत आहे, आमच्या स्वतःच्या गाड्या आहेत. डंपरच्या मागे कसं चालायचं ते सांगतो.

खडी दोन प्रकारे येते. एक, भरलेल्या डंपरच्या वरून किंवा फाळक्याच्या फटीतून सांडलेली. ती रस्त्यावर टप्पा घेऊन वर उडते. दुसरी, टायरने उडवलेली. लोकांना वाटतं दगड बंदुकीच्या गोळीसारखा आपल्याकडे येतो. बहुतेक वेळा तो जागच्या जागी हवेत उडालेला असतो आणि आपणच 90 ने जाऊन त्याच्यावर आदळतो. म्हणून आपला वेग हीच खडीची ताकद. 100 वरून 80 वर आलात तर माराची ऊर्जा 36 टक्क्यांनी उतरते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

डंपरच्या मागच्या जोडचाकांकडे लक्ष ठेवा. दोन टायरांच्या मधल्या फटीत नारळाएवढा दगडसुद्धा अडकतो. साइटवरून बाहेर पडलेली गाडी असेल तर हा धोका हमखास. आमचे चांगले ड्रायव्हर साइटच्या गेटवर उतरून टॉमीने तो दगड काढतात. सगळे काढत नाहीत. तो सुटला तर फिल्म, रंग, काच काहीच वाचवणार नाही. साइटजवळ नुकताच रस्त्याला लागलेला डंपर दिसला की ओव्हरटेकची घाई करू नका आणि मागेही चिकटू नका. बरंच अंतर सोडा किंवा चहाला थांबा.

ओव्हरटेक करताना आधी मागे चिकटून मग बाहेर काढायची सवय सोडा. लांबूनच लेन बदला, समोरचं बघा, आणि मग एका दमात पुढे जा. सगळ्यात जास्त टवके त्या चिकटून वाट बघण्याच्या वेळात पडतात. साइडपट्टीवरून चाक जाणारी गाडी समोर असेल तरी तेच, कारण तिथला मुरूम आणि कच सगळा मागे येतो.

मृण्मय_मुळशी

जोडचाकांचं माहीत नव्हतं. धन्यवाद, दादा.

पण एक शंका. दुपदरी घाटात अंतर ठेवलं की मधे दुसरा येऊन घुसतो. त्याने उडवलेली खडी आपल्याला.

साताऱ्याची_स्टिअरिंग

घुसू दे. आता डंपरच्या मागे तो आहे, तुम्ही नाही. परत अंतर सोडा. घाट संपेपर्यंत दोन मिनिटांचा फरक पडेल.

कॅलगरीचा_कराडकर

इथे कॅनडात अल्बर्टामध्ये हिवाळ्यात बर्फावर चाक धरावं म्हणून रस्त्यावर मीठ आणि वाळू टाकतात, तिच्यात बारीक खडीही असते. वसंतात बर्फ वितळतो, खडी रस्त्यावरच राहते. विंडशिल्डला तडा नसलेली जुनी गाडी इथे शोधावी लागते. आमच्याकडे बहुतेक लोक बॉनेटच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागाला फिल्म लावतात, त्याची रेघ दिसते. मला विचाराल तर लावायची तर पूर्ण बॉनेटला लावा. थोडे पैसे जास्त जातील, पण ती आडवी रेघ कायम डोळ्यात सलते.

थंडीत रंग ठिसूळ होतो आणि टवके जास्त जातात हे इथे दर वर्षी बघतो. तेवढं सुख तरी तुम्हाला आहे.

लेदरसारख्या कापडाचा 'ब्रा' बॉनेटला बांधायची पद्धत इथे एकेकाळी होती. त्याच्याखाली कचरा आणि ओल अडकते आणि तीच रंग घासते. कुणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका.

पूजेचं_ताट

सगळे खडीवर बोलताहेत, पण नव्या गाडीला पहिला ओरखडा शोरूमच्या दारातच पडतो! झेंडूच्या हारात तार असते. तो हार बॉनेटवर बांधून घरापर्यंत आणला की वाऱ्याने तार रंगावर घासत येते. आमच्या गाडीला बोनेटच्या मधोमध दोन अर्धगोल रेघा आहेत, त्या हाराच्या. आंबाघाट, हार सुतळीत ओवून घ्या, आणि पूजा झाल्यावर काढूनच गाडी हलवा.

कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असेल तर फिल्म लावलेल्या भागावर ओलं कुंकू लावू नका. बाजारातल्या कुंकवात रंग असतो, फिल्मवर गुलाबी डाग राहतो. हळद तर फार चिवट. आमच्या सासूबाईंनी तोडगा काढला. काचेवर स्वस्तिक काढलं. पूजा झाली, रंगही वाचला.

हातकणंगलेकर_ताई

हे अगदी खरं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे कुंकवाचे डाग काढायला गाड्यांची रांग असते. डाग ताजा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बराचसा निघतो. महिनाभर उन्हात राहिला तर नाही निघत.

गारगोटी

शोरूमच्या पॅकेजचं काय? ते कुणीच सांगितलं नाही.

चिंचवडची_चिमणी

आम्ही घेतलं होतं, 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून. चार महिन्यांत त्याचा मागमूस नव्हता. नंतर कळलं की ते पॉलिशच, जरा बऱ्या प्रतीचं. शोरूमचं नाव लिहीत नाही, पण आंबाघाट, पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. 'पेंट प्रोटेक्शन' एवढंच लिहिलं असेल तर त्याचा काहीही अर्थ होऊ शकतो.

टवके_ते_टचअप

ज्यांना फिल्म परवडत नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण वडाची_पारंबी काकांनी सांगितलेला थेंबाचा उपाय नीट केला तर खरंच चांगला आहे.

गाडीच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, बहुतेक ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. त्याच कोडची टचअप बाटली कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून घ्या. 'निळा' म्हणून दुकानात मिळतो तो जुळत नाही. मेटॅलिक रंग तर अजिबात नाही.

टवका साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टवक्यात काय दिसतंय ते भिंगातून बघा. करडं दिसलं तर प्रायमर किंवा ईडी कोट शिल्लक आहे, घाई नाही. चकाकता पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात काम करा. तांबूस दिसलं तर गंज सुरू झालाय. टोकदार काडीने तो खरवडून काढा, रस्ट कन्व्हर्टरचा थेंब लावा, वाळू द्या.

बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरू नका, तो फार जाड असतो. दात कोरायच्या काडीच्या टोकावर रंग घ्या आणि टवक्याच्या मध्यावर ठेवा, तो आपोआप काठापर्यंत पसरतो. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर. एकाच वेळी भरला तर वर गोळा येतो आणि आत ओला राहतो. काठाच्या जरा खाली थांबून वर क्लिअरचा थेंब. जवळून दिसेल, चार पावलांवरून नाही दिसणार. आणि पत्रा हवेपासून बंद झाला, जे महत्त्वाचं.

विमा_विशारद

टवक्यांसाठी विम्याचा दावा करावा का, असं बरेच जण विचारतात. साधारणपणे नको. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो 20 टक्क्यांपासून सुरू होऊन 50 टक्क्यांपर्यंत चढतो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक दाव्यात 1000 रुपये आणि त्यावरच्या कारला 2000 रुपये आपल्याला भरावेच लागतात. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असलं तरी हे भरावे लागतात. एक बॉनेट रंगवायला त्यापेक्षा फार लागत नसतील तर खिशातून करा.

फिल्म लावली असेल तर तिची किंमत विम्यात धरली आहे का ते कंपनीला लेखी विचारा. अपघातात फेंडर बदलला तर नव्या फेंडरवरच्या फिल्मचे पैसे आपोआप मिळतील असं समजू नका.

कारखान्याच्या वॉरंटीतही खडीचे टवके सहसा धरत नाहीत. वॉरंटी पुस्तिकेत 'बाह्य कारणे' या मथळ्याखाली बघा.

दोन_चाकी

धागा शांतपणे वाचत होतो. थोडं वेगळं लिहितो.

मी वाघोलीच्या बाजूने रोज दुचाकीवरून जातो. त्या भागात खाणी आणि क्रशर आहेत, डंपर अखंड चालू. तुमच्या बॉनेटला जी खडी टवका पाडते ती मला हनुवटीवर लागते. एकदा हेल्मेटच्या काचेवर बसली. काच फुटली नाही म्हणून डोळा वाचला. बायकोच्या स्कूटरसमोर फाळक्यातून खडी सांडली आणि तिचं चाक घसरलं. 40 हजारांची फिल्म आम्हाला कुठे लावणार?

फिल्म लावू नका असं म्हणत नाही. पण ताडपत्री न टाकता, फाळका नीट न लावता खडी वाहणाऱ्या गाडीचा फोटो काढून तक्रार करणारे कारवाले फार थोडे आहेत. टवका पडला की दुकान शोधतात. तक्रारीची वेळ कुणाला नसते. हे मला मनापासून खटकतं.

साताऱ्याची_स्टिअरिंग

भाऊ, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. ताडपत्री ओढायला दहा मिनिटं लागतात. खेपेवर पैसे मिळतात म्हणून ती दहा मिनिटं कुणी देत नाही. दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. भरणारा डाल्याच्या वर शीग लावून भरतो, मालकाला एका खेपेत जास्त ब्रास (खडी मोजायचं माप) हवी असते. आमच्या गाड्यांना ताडपत्रीशिवाय गेट सोडायचं नाही असा नियम केलाय. सुरुवातीला दोन ड्रायव्हर सोडून गेले. आता बाकीचे स्वतःहून ओढतात.

वडाची_पारंबी

दोन_चाकी यांच्याशी पूर्ण सहमत. तक्रार करताना नंबरप्लेट, जागा आणि वेळ फोटोत यायला हवी. मात्र गाडी चालवताना स्वतः काढू नका, शेजारी बसलेल्याला काढायला सांगा.

कायद्याचं_बोला

वाहतूक पोलिसांच्या ॲपवर किंवा आरटीओला फोटोसह ईमेल करता येतो. पोच जपून ठेवा. एकाच क्रशरवरून निघणाऱ्या गाड्यांच्या चार-पाच तक्रारी एकत्र दिल्या की दखल लवकर घेतात, असा आमच्या सोसायटीचा अनुभव. तिथे रस्त्यावर आता रोज पाणीही मारतात.

मृण्मय_मुळशी

काचेबद्दल एक राहिलं. विंडशिल्ड दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते, म्हणून खडी लागली तरी ती विखरून फुटत नाही, चांदणी पडते. चांदणी छोटी असताना तिच्यात रेझिन भरून मिळतं, तडा पुढे सरकत नाही. तोवर वर पारदर्शक टेप लावून ठेवा, आत धूळ-पाणी गेलं की रेझिन धरत नाही. आणि तापलेल्या काचेवर एकदम गार एसी सोडू नका.

आंबाघाट

सर्वांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. शोरूमला पॅकेज नको म्हणून कळवलं. कोल्हापूर वाटेतच आहे, तेव्हा तिथे रोल दाखवणारं दुकान बघून पूर्ण बॉनेट, फेंडर, आरसे, छपराच्या काठाची पट्टी आणि जमलं तर बंपर, एवढं टीपीयू लावायचं ठरतंय. सिरॅमिक नाही. बाबांना उरलेल्या पैशांची एफडी दाखवली, ते खूश आहेत.

हार सुतळीतला सांगितलाय. दोन_चाकी, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. पुढच्या खेपेपासून शेजारच्या सीटवर फोटोची जबाबदारी बहिणीची.

फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ताबा मिळाल्याबरोबर लावू, की रंग 'मुरायला' महिनाभर थांबू? शोरूमवाला थांबा म्हणतोय.

थरावर_थर

थांबायची गरज नाही. कारखान्यात रंग साधारण 140 अंशांवर भट्टीत भाजून निघतो. गाडी तुमच्यापर्यंत येते तेव्हा तो पूर्ण पक्का असतो. महिनाभर थांबायचं ते गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाला, कारण तिथे एवढी उष्णता देता येत नाही. रंगातलं द्रावण सावकाश उडत राहतं, त्यावर फिल्म लावली तर फुगे येतात आणि काढताना रंगही सुटून येतो.

म्हणूनच एक काम करा. वाहतुकीत किंवा यार्डात खरचटलेला भाग ताबा देण्याआधी रंगवून देण्याचे प्रकार होतात. ताबा घ्यायला जाताना रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी मिळवा, ताईंसारख्या डिटेलिंगवाल्यांकडे असतं. बॉनेट, फेंडर, दारं, छप्पर सगळीकडे लावून बघा. सगळीकडे 100-140 आणि एकाच दाराला 250 आलं तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. तसं निघालं तर गाडी बदलून मागा, ताबापत्रावर सही करू नका.

हातकणंगलेकर_ताई

मीटर आमच्याकडे आहे, आणि पुण्यातही बहुतेक डिटेलिंगवाले ताबा घेताना सोबत येतात. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे मीटर चालत नाही. तिथे उजेडात तिरप्या नजरेने रंगातला फरक बघा.

आणि पुण्याहून कोल्हापूरपर्यंत फिल्मशिवाय हायवेने येणार असाल तर पहाटे निघा. डंपर कमी असतात.

आंबाघाट

पहाटेच निघतो. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.